लाइटबिल अचानक वाढलंय? संशय घेऊ नका, मीटरपाशी जाऊन बसा

लाइटबिल जास्त आलं की घरात पहिलं काय होतं, तर कोणावर तरी आळ येतो. एसी तूच लावतोस, गीझर तीच चालू ठेवते, पंखा कोणी बंद करत नाही, मग चार दिवस सगळेजण एकमेकांच्या मागे बटणं बंद करत फिरतात आणि पाचव्या दिवशी पुन्हा जैसे थे. पुढचं बिलही तेवढंच. आमच्याकडे हे सगळं साग्रसंगीत झालंय. एरवी महिन्याला १९० युनिट येणारं बिल एकदम २९४ युनिटचं आलं, त्या महिन्यात एसीला हातसुद्धा लावला नव्हता, आणि तरी दोन दिवस भांडण एसीवरूनच चाललं होतं. शेवटी वैतागून रात्री मीटरसमोर स्टूल टाकून बसलो तेव्हा कुठे कळलं.

तर हे लिहितोय ते त्या अनुभवावरून आणि नंतर दोन-चार ओळखीच्यांच्या घरी हाच उद्योग केला त्यावरून. सामान काही लागत नाही, मोबाईलमधलं स्टॉपवॉच, कागद-पेन आणि एक सुट्टीचा दिवस, बस. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, शोधताना "जास्त वीज काय खातं" हा प्रश्न घेऊन निघालात तर इस्त्री, इंडक्शन, एसी असंच काहीतरी हाती लागेल आणि ते बहुतेक वेळा चुकीचं असेल कारण ती तर मागच्या महिन्यातही तेवढीच वापरली होती. विचारायचं हे की "बंद व्हायला पाहिजे ते काय बंद होत नाहीये". मोठी वस्तू दिसते, ऐकू येते, आपण बंद करतो. बिल वाढवते ती मधल्या आकाराची वस्तू, जी गुपचूप दिवसरात्र चालू राहते.

आधी बिल नीट वाचा

हे कंटाळवाणं आहे पण निम्मी प्रकरणं इथेच मिटतात असा माझा अनुभव आहे. रक्कम बघू नका, ती थकबाकी, डिपॉझिट, बदललेला दर, स्थिर आकार अशा दहा कारणांनी वाढते, त्याचा तुमच्या वापराशी संबंध असेलच असं नाही. युनिट बघा. आणि युनिट बघितल्यावर लगेच मागच्या रीडिंगची तारीख आणि ह्या रीडिंगची तारीख बघा आणि मधले दिवस मोजा. युनिट भागिले दिवस, हाच खरा आकडा, बाकी सगळं नंतर. आमच्या त्या २९४ युनिटच्या बिलात दिवस निघाले ३६. आता १९० युनिट ३० दिवसांचे म्हणजे रोजचे ६.३ च्या आसपास, त्या हिशोबाने ३६ दिवसांचे झाले २२८. म्हणजे वाढलेल्या १०४ पैकी ३८ युनिट नुसते जास्तीच्या सहा दिवसांचे होते, खरं कोडं उरलं ते ६६ युनिटचं. आणि जिथे जास्त युनिटला वरचा दर लागतो तिथे लांबलेल्या बिलाचा डबल फटका बसू शकतो, कारण ते जास्तीचे दिवस तुम्हाला वरच्या टप्प्यात ढकलतात, म्हणून टप्पे दिवसांच्या प्रमाणात वाढवून दिलेत का तेही तपासा.

दुसरं, अंदाजे रीडिंग. दाराला कुलूप होतं, मीटर दिसला नाही, असं काहीही असलं की सरासरी युनिट टाकून बिल पाठवतात आणि मग कधीतरी खरं रीडिंग घेतलं की सगळी उरलीसुरली बाकी एका बिलात येऊन बसते. ओळखायचं कसं, तर मागची बिलं शेजारी शेजारी ठेवा. १८०, १८०, १८० आणि मग एकदम ५२० असं दिसलं तर तुमच्या घरात काहीही बिघडलेलं नाही, चार महिन्यांचे मिळून १०६० युनिट म्हणजे महिन्याला २६५, तुम्ही कायमच तेवढे वापरत होता फक्त कळलं आत्ता. अशा वेळी ते युनिट त्या त्या महिन्यांत वाटून बिल दुरुस्त करून मागा. तीन महिने एकसारखे युनिट हीच खूण आहे, कुठल्याही घराचा वापर असा शिस्तीत चालत नाही.

तिसरं, मीटरवरचं आजचं रीडिंग बिलावरच्या रीडिंगशी ताडून बघा. डिस्प्ले आपोआप पुढे सरकत असतो, तारीख, वेळ, व्होल्टेज असं काय काय दाखवतो, त्यात केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) लिहिलेला आकडा तुमचा. तो बिलावरच्या आकड्यापेक्षा जास्तच असला पाहिजे. कमी दिसला तर रीडिंग घेताना चूक झाली, फोटो काढा आणि तक्रार करा, पुढचं वाचायची गरज नाही. बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवर कोरलेला नंबर एकच आहे ना तेही बघा. मीटर बदलला असेल तर जुन्याचं शेवटचं आणि नव्याचं पहिलं रीडिंग बिलात बरोबर धरलंय का बघा, तिथे हमखास घोळ होतात. आणि तुलना करायचीच तर गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा, मागच्या महिन्याशी नको, ऋतू बदलला की वापर बदलतोच.

मीटर तुमचाच आहे का

हसू नका. एकाच बोर्डावर दहा-बारा मीटर असतील तर वायरी कुठून कुठे गेल्यात हे बसवणाऱ्यालाही आठवत नाही. घरातला मेन स्विच बंद करा (फ्रीजमधलं काही वितळणार नाही, वीस मिनिटांचं काम आहे, फक्त कॉम्प्युटर वगैरे आधी नीट बंद करा) आणि खाली जाऊन तुमच्या नंबरचा मीटर बघा. त्यावर एक छोटा लाल दिवा असतो, वीज वापरली की लुकलुकतो. जुना मीटर असेल तर चकती फिरते. मेन बंद असताना दिवा लुकलुकायचा थांबला पाहिजे. आधीचा उरलेला एखादा ठोका येऊ शकतो, त्यावरून घाबरायचं नाही, पण पंधरा-वीस मिनिटांत दिवा नियमाने लुकलुकत असेल तर दोनच शक्यता, एक तर तो मीटर दुसऱ्याच कोणाचं घर मोजतोय, नाहीतर मीटर आणि तुमचा मेन ह्यांच्या मध्येच कुठूनतरी वायर काढलेली आहे. जिन्यातला दिवा, सगळ्यांचा पाण्याचा पंप, कधीकाळी केलेलं मागच्या खोलीचं कनेक्शन, असं काहीही निघतं. मुद्दाम चोरी असेलच असं नाही, वायरमनने घाईत जवळचा फेज (वीज आणणारी वायर) उचललेला असतो. पण ते तुम्ही खोलून बघू नका, मीटरचं सील तर अजिबात नको, फक्त व्हिडिओ काढून ठेवा, घरातला बंद मेन आणि खालचा लुकलुकता दिवा दोन्ही एकाच व्हिडिओत न थांबता घेतलेत तर कोणी वाद घालू शकत नाही.

दिवा मोजायची युक्ती

आता मुख्य भाग. ह्या लाल दिव्याजवळ मीटरवर एक आकडा छापलेला असतो, ३२०० इम्प/केडब्ल्यूएच किंवा १६०० किंवा १००० असा. म्हणजे एक युनिट जळायला दिवा तितक्या वेळा लुकलुकतो. एक युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू एक तास चालली तर होणारा वापर, एवढं लक्षात असलं की झालं. आता ३६ लाखाला (१००० वॅट गुणिले तासाचे ३६०० सेकंद) त्या आकड्याने भागा. ३२०० ला ११२५ येतात, १६०० ला २२५०, १००० ला ३६००. हा तुमच्या मीटरचा आकडा, कागदावर मोठा लिहून ठेवा. मग दोन लुकलुकींच्या मधले सेकंद मोजा आणि त्या आकड्याला सेकंदांनी भागा, आत्ता ह्या क्षणी घरात किती वॅट चाललेत ते आलं.

उदाहरण घ्या, ३२०० चा मीटर आहे, दोन लुकलुकींच्या मध्ये ९ सेकंद गेले, ११२५ भागिले ९ म्हणजे १२५ वॅट. तोच दिवा सेकंदाला जवळपास दोनदा मारायला लागला तर २००० च्या वर, म्हणजे गीझर लागलाय. फार जलद असेल तर एकेक मोजता येत नाही, मग दहा लुकलुकींचा वेळ घ्या आणि दहाने भागा. काही मीटरना बटण असतं, दाबत गेलं की चालू लोड थेट केडब्ल्यूमध्ये (किलोवॅटमध्ये) दिसतो, तो असेल तर नशीबवान आहात. पण मला स्वतःला दिवाच आवडतो, पाच मिनिटं बघितलं की घराची नाडी कळते, फ्रीज लागला, सुटला, सगळं समजतं.

आता आणखी एक हिशोब पाठ करा. सतत चालू असलेला १ वॅट महिन्याला ०.७२ युनिट खातो. म्हणजे १०० वॅट अखंड चालू राहिले तर ७२ युनिट. आमचे हरवलेले ६६ युनिट साधारण महिन्याभराचे, म्हणजे मला कुठेतरी सरासरी ८०-९० वॅट सतत गळताना सापडायला हवे होते. हे उलटं गणित आधी केलंत तर काय शोधायचंय ते कळतं. ८० वॅट शोधताय तर मोबाईलच्या चार्जरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, रिकामा चार्जर अर्धा वॅटसुद्धा खात नाही बहुतेकदा, लोक मात्र सगळ्यात आधी तोच काढतात.

रात्रीची मोजणी

दिवसा मोजू नका, माणसं हिंडत असतात, कोण काय चालू करेल सांगता येत नाही. सगळे झोपले की बसा. दोन गोष्टी करायच्या. एक, झोपताना आणि सकाळी कोणी उठायच्या आधी रीडिंग लिहायचं, मधल्या तासांनी भागायचं, म्हणजे झोपलेल्या घराचा वापर कळतो. पंखे किती चालू होते ते लिहून ठेवा, साधा जुना छताचा पंखा ७०-७५ वॅट धरायचा, नवीन बीएलडीसीवाला (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) असेल तर साधारण ३० च्या आसपास. दोन, जमेल ते सगळं बंद करून, फ्रीजचंही बटण तेवढ्यापुरतं बंद करून, दिवा बघत बसायचं, निदान अर्धा तास. हा अर्धा तास महत्त्वाचा आहे, लोक दोन मिनिटं बघतात आणि उठतात. जी वस्तू मधूनच लागते ती दोन मिनिटांत दिसत नाही.

माझं काय झालं ते सांगतो. सगळं बंद केल्यावर दर १८ सेकंदांनी एक लुकलुक येत होती, म्हणजे ६२ वॅट. राउटर, सेटटॉप बॉक्स, कॅमेरा, पंप-बिंप चालवायचे कंट्रोल, बाहेरचा दिवा, ठीक वाटलं. मी उठणारच होतो आणि अचानक दिवा पटपट मारायला लागला, सव्वा-दीड सेकंदाला एक, म्हणजे ८०० च्या आसपास. चाळीस सेकंद. मग पुन्हा १८ सेकंदांना एक. मला वाटलं फ्रीज, पण फ्रीज तर बंद केलेला. परत बसलो. सहा मिनिटांनी पुन्हा तेच, चाळीस सेकंद, बंद. तिसऱ्यांदा सुरू झालं तेव्हा जिन्यात कान दिला तर वर गच्चीवर बारीक घूं आवाज, प्रेशर पंप. नळ उघडला की आपोआप चालू होणारा. रात्री अडीच वाजता घरात कोण नळ उघडतंय?

कोणीच नाही. मागच्या बाथरूममधल्या फ्लशच्या टाकीचा खालचा रबरी वॉशर वाकडा झाला होता आणि पाणी भांड्याच्या कडेने इतकं बारीक सरकत होतं की दिसत नव्हतं, आवाजही नाही. बोट लावलं तेव्हा ओलं लागलं. पाइपमधलं प्रेशर सहा मिनिटांत उतरायचं, पंप चाळीस सेकंद चालून ते परत चढवायचा, तासाला दहा वेळा, दिवसरात्र. ७५० वॅटचा पंप तासात ४०० सेकंद म्हणजे सरासरी ८३ वॅट, दिवसाला दोन युनिट. साधारण ३३ दिवस असं चाललं असणार, ६६ युनिट जमतात. एवढ्याशा वॉशरसाठी एसीवरून दोन दिवस अबोला.

तुमच्याकडे फ्लश गळतोय का बघायचं असेल तर टाकीत थोडा रंग टाका, शाई चालते, आणि अर्धा तास फ्लश न करता भांड्यात रंग उतरतोय का बघा.

एकेक एमसीबी पाडत जा

रात्रीचा आकडा जास्त आलाय पण पंपासारखा उडी मारत नाहीये, सारखाच आहे, तर मग एकेक एमसीबी (घरातल्या बोर्डावरचा एकेका लाइनचा छोटा स्विच) खाली पाडायचा आणि प्रत्येक वेळी दिवा मोजायचा. एकाने घरात बोर्डापाशी, एकाने खाली मीटरपाशी, फोनवर बोलत. आकडा ज्या एमसीबीला धपकन उतरेल ती लाइन. तो परत चढवायचा आणि त्या लाइनवरच्या वस्तूंचे प्लग एकेक काढायचे, बटण बंद करून भागत नाही, प्लग काढायचा. कुठल्या एमसीबीवर काय आहे ते ह्या निमित्ताने खडूने लिहून टाका, पुढच्या वेळी स्वतःला दुवा द्याल.

बहुतेक घरांत जे निघतं ते असं.

गीझर. टाकीचा गीझर २००० वॅटचा असतो आणि तो चालू विसरला तर लोकांना वाटतं दिवसाचे ४८ युनिट गेले. तसं नसतं, पाणी तापलं की थर्मोस्टॅट तोडतो, पुढे फक्त टाकीतून उष्णता निसटते तेवढी भरून काढायला मधूनमधून लागतो, चांगल्या टाकीला दिवसाला एखादा युनिट फार तर. घात होतो तो गरम पाणी कुठेतरी जात असलं की. १ लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ०.०४ युनिट लागतात. गरम नळाचा सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला वीसेक लिटर, जवळपास युनिटभर वीज मोरीत. बारीक धार असेल, पाच मिनिटांत लिटरभर, तर दिवसाला ११-१२ युनिट! म्हणून गीझर बंद न करणाऱ्या घरात आधी नळ बघा. गरम-गार एकत्र मिसळणारा नळ असेल तर तो आतून गळूनही गरम पाणी गार लाइनीत घुसतं, त्याची खूण म्हणजे गार नळाला पहिल्यांदा कोमट पाणी येतं. थर्मोस्टॅट चिकटला असेल तर पाणी उकळायला लागतं, आतून खदखद आवाज येतो, ते मात्र धोक्याचं, लगेच बंद करून माणूस बोलवा. आणि नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कॉइल फुटलीय, आंघोळ राहू द्या, मेन बंद करा.

फ्रीज. हा असा एकच प्राणी आहे की जो कायम चालू असायलाच हवा, त्यामुळे बिघडला तरी संशय येत नाही. बाकी सगळं बंद करून फक्त फ्रीज ठेवा आणि दोन तास दिवा बघा. साधा फ्रीज चालतो, थांबतो, चालतो. दोन तास थांबलाच नाही आणि आकडा दीडशेच्या आसपास तसाच, म्हणजे दिवसाला साडेतीन युनिट चाललेत, जिथे एक-दीडमध्ये भागायला हवं होतं. इन्व्हर्टरवाला फ्रीज थांबत नाही, तो हळू चालत राहतो, तिथे थांबणं न बघता वॅट बघा. आणि फ्रॉस्ट फ्री फ्रीज मधेच पंधरावीस मिनिटं जास्त खातो, तो बर्फ वितळवायचा हीटर असतो, तो बिघाड नाही. दाराच्या रबरात कागद धरून दार लावा आणि ओढा, सहज निसटला तर तिथून गारवा जातोय. मागची जाळी धुळीने भरलीय का, फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवलाय का, हेही बघा, आमच्या एका ओळखीच्यांचं एवढ्यावरच भागलं, रंगकाम झाल्यावर फ्रीज मागे ढकलला होता तो तसाच राहिला होता.

पंप. प्रेशर पंपाचं वर सांगितलंच. साध्या टाकी भरायच्या पंपाचं वेगळं, तो आधी किती मिनिटांत टाकी भरायचा आणि आता किती मिनिटं लागतात हे घरात कोणालातरी नक्की माहीत असतं, विचारा. एक एचपीचा पंप साधारण एक किलोवॅट ओढतो, २० मिनिटांच्या जागी ५० मिनिटं लागत असतील तर रोजचा अर्धा युनिट तिथे. खालचा फूटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या तोंडाची झडप) गळत असतो, कुठेतरी हवा ओढतो, किंवा टाकीचा फ्लोट अडकून पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपने वाहून जात असतं.

एसी. फिल्टर धुवा, बाहेरच्या युनिटची जाळी मोकळी करा, मग मोजा. साधा दीड टनी एसी दीड हजार वॅटच्या आसपास ओढतो आणि खोली गार झाली की कॉम्प्रेसर तुटायला, म्हणजे आपोआप थांबायला हवा. तासाभरात एकदाही तुटला नाही तर गॅस कमी आहे किंवा खोलीला कुठेतरी फट आहे किंवा तुम्ही लावलेलं तापमान त्या एसीच्या आवाक्याबाहेरचं आहे. इन्व्हर्टर एसीत लुकलुक आधी जलद आणि मग हळूहळू संथ होत जायला हवी. संथ होतच नसेल तर इथेही गॅसचाच संशय, माणूस बोलवा.

आणि इन्व्हर्टरची बॅटरी, वीज गेली की दिवे चालवणारी, हिला सगळे विसरतात. बॅटरी म्हातारी झाली की ती पूर्ण भरतच नाही, चार्जर दिवसरात्र तिला वीज पाजत राहतो आणि ती वीज उष्णता होऊन जाते. वीज गेलेली नसतानाही बॅटरी हाताला गरम लागते आणि पाणी लवकर कमी होतं, तर इन्व्हर्टर बंद करून दिवा मोजा, फरक ५०-१०० वॅटचा निघाला तर नवीन बॅटरीचा खर्च आपोआप पटेल.

टीव्ही, सेटटॉप बॉक्स, ओव्हनचं घड्याळ हे सगळं मिळून थोडंच असतं. एक सेटटॉप बॉक्स १० वॅट सतत खात असेल तर महिन्याला सात युनिट, वाचवायचे तर जरूर वाचवा, पण अचानक शंभर युनिट वाढले ते ह्यांच्यामुळे नाही, ते मागच्या वर्षीही असेच चालू होते.

सगळे प्लग काढले तरी दिवा चालूच

मग वायरिंग. इथे एक छान तपासणी आहे. सगळे एमसीबी पाडा पण मेन चालू ठेवा, आणि दिवा बघा. मग मेनही पाडा, पुन्हा बघा. मेन पाडल्यावर थांबतो पण नुसते एमसीबी पाडल्यावर थांबत नाही, असं असेल तर कारण बऱ्याचदा न्यूट्रलमध्ये (वीज परत नेणाऱ्या वायरीत) असतं. छोटे एमसीबी बहुतेक ठिकाणी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल तसाच जोडलेला राहतो, मेन मात्र दोन्ही तोडतो. आता शेजारच्या घराचा किंवा वरच्या मजल्याचा न्यूट्रल तुमच्या न्यूट्रलमध्ये कोणी मिसळला असेल तर त्यांची वीज परतताना तुमच्या मीटरमधून जाते, आणि बरेच डिजिटल मीटर फेज आणि न्यूट्रल दोन्ही मोजून जो जास्त तो धरतात. तुम्ही गावाला, बिल मात्र चालू. नवीन वायरिंग किंवा दुरुस्ती झाल्यावर लगेच बिल वाढलं असेल तर हाच संशय आधी घ्या.

दुसरा प्रकार गळतीचा. भिंतीत ओल शिरलीय, वायरीचं आवरण गेलंय आणि फेजमधून वीज अर्थिंगमध्ये झिरपतेय. २३० व्होल्टला एक अँपिअर जरी झिरपला तरी २३० वॅट, दिवसाला साडेपाच युनिट, आणि कुठे काही चालू दिसत नाही. आरसीसीबी (गळती झाली की आपोआप पडणारा स्विच) असेल तर तो एवढ्या गळतीला टिकतच नाही, घरगुती आरसीसीबी साधारण ३० मिलीअँपिअरला पडतो, त्यामुळे हा प्रकार निघतो तो आरसीसीबी नसलेल्या किंवा "सारखा पडतो म्हणून" बायपास केलेल्या घरात. सारखा पडणारा आरसीसीबी काढून टाकणाऱ्या वायरमनला पुन्हा घरात घेऊ नका, स्पष्टच सांगतो. पावसाळ्यात वाढलं आणि उन्हाळ्यात कमी झालं असं बिल दिसलं तर ओल नक्की बघा. इलेक्ट्रिशियन बोलावलात तर त्याला म्हणा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती धरून प्रवाह मोजायचा चिमटा) आण आणि मेनपाशी फेज-न्यूट्रल दोन्ही वायरी एकत्र क्लॅम्पमध्ये धर, शून्य दिसायला हवं, जे काही उरेल ती गळती किंवा मिसळलेला न्यूट्रल. हे पाच मिनिटांचं काम आहे. ते न करता थेट "पूर्ण वायरिंग बदलावं लागेल" म्हणणारा असेल तर चहा पाजून परत पाठवा.

मीटरच खोटं बोलतोय का

हे सगळ्यात शेवटी, कारण सगळ्यांना सगळ्यात आधी हेच वाटतं आणि निघतं क्वचित. घरी करता येण्यासारखी तपासणी अशी, बाकी सगळं बंद, मेनही तपासून घेतलेला, आणि ज्याचे वॅट माहीत आहेत असं तापवणारं एकच उपकरण लावायचं. मी पाणी तापवायचा १००० वॅटचा रॉड बादलीभर पाण्यात बुडवून लावला होता (आधी बुडवायचा, मग बटण, आणि चालू असताना पाण्यात हात घालायचा नाही). ३२०० च्या मीटरला १००० वॅटवर मिनिटाला ५३ लुकलुकी यायला हव्यात. मला आल्या ४५. म्हणजे मीटर उलट कमी मोजतोय की काय असं वाटून क्षणभर बरं वाटलं, पण व्होल्टेज बघितलं तर २१०. रॉडवर लिहिलेले १००० वॅट २३० व्होल्टचे असतात आणि व्होल्टेज उतरलं की वॅट वर्गाच्या प्रमाणात उतरतात, २१० ला ८३४ च राहतात, त्याच्या लुकलुकी ४४ ते ४५. मीटर बरोबर होता, तंतोतंत. तुम्हीही व्होल्टेज बघितल्याशिवाय मीटरला शिव्या देऊ नका. इस्त्रीने ही तपासणी करू नका, ती मधेच आपोआप बंद होते.

व्होल्टेज धरूनही १५-२० टक्के जास्त येत असेल, दोन-तीनदा केल्यावरही, तर मग वीज कंपनीकडे मीटर तपासणीचा लेखी अर्ज करा, सोबत रीडिंगचे तारखेवार फोटो द्या. नुसतं "बिल जास्त आलंय" म्हणून खिडकीवर गेलात तर समोरचा माणूस "वापरलं असेल" म्हणतो, मला स्वतःला दोनदा म्हणाला. रोजच्या रीडिंगचा कागद पुढे ठेवला की बोलण्याची पद्धत बदलते.

आणि कारण सापडलं असं वाटलं तरी लगेच जाहीर करू नका, दुरुस्ती करून पुन्हा तीच रात्रीची मोजणी करा. आमच्याकडे फ्लशचा वॉशर बदलला, त्या रात्री परत स्टूल घेऊन बसलो, पाऊण तास. दर १८ सेकंदांनी एक लुकलुक, पंप एकदाही लागला नाही. पुढचे तीन दिवस सकाळी त्याच वेळेला रीडिंग लिहिलं, ६.४, ६.१, ६.३. मग कागद फ्रीजवर लावला आणि एसीची माफी मागितली.